पेवातली बंदूक

१

हरणवाडीच्या पांढरीवर वीरप्पाचं पेव उघडलं आणि आतून ज्वारीच्या आधी बंदूक वर आली.

सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच उरकली होती. ते दिवस कसे होते हे हैदराबाद संस्थानातल्या माणसाला सांगायला नको. पारावर चार माणसं बसली तरी पाचवा येऊन विचारायचा, काय शिजतंय? विळ्या-कुऱ्हाडीपलीकडचं हत्यार घरात असेल तर ठाण्यात जमा करा, अशी दवंडी गावोगाव फिरली होती. नाही म्हणायला लोकांनी गंजलेल्या दोन-चार तलवारी नेऊन टाकल्याही होत्या. अशात एका सकाळी ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे इंग्रजी मुलखात ज्याला फौजदार म्हणतात ते, दोन जवान घेऊन हरणवाडीत उतरले आणि सरळ पांढरीवर, गावाच्या पेवांच्या जागी, गेले. वीरप्पाच्या पेवात काहीतरी लपवलंय, अशी त्यांना खबर होती.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर. ज्वारी भरायची, वर शिळा ठेवायची आणि मातीने तोंड लिंपून टाकायचं. शिळा सरकवली तसा वीरप्पा पुढे धावला.

"साहेब, थांबा. चैतापासनं बंद हाय हे. आत हवा मेलेली असती. माणूस खाली गेला की गपगार व्हतो. दोपारपत्तुर उघडं ऱ्हाऊ द्या, मग उतरा."

अमीनसाहेब हैदराबाद शहरातले. त्यांनी आयुष्यात पेव पाहिलेलं नव्हतं.

"क्या बहाने करते जी तुम? दोपहर तक माल गायब करने का इरादा है क्या? उतरो कोई नीचे."

जवान इकडेतिकडे बघू लागले. ते याच भागातले होते, त्यांनाही आपला जीव प्यारा होता. कुणीच हलेना. तेव्हा गावचे पोलीस पाटील बलभीम पुढे झाले. त्यांनी पागोटं काढून एकाच्या हातात दिलं, कमरेला दोर बांधला, 'येळकोट' म्हटलं आणि लोक नको नको म्हणत असताना ते आत उतरले.

अमीनसाहेबांनी वरून बॅटरी मारली. उजेडात दिसलं ते असं, पाटील ज्वारीवर वाकलेले आहेत आणि त्यांच्या पायाशी गोणपाटातून लाकडी दस्ता बाहेर आला आहे.

"वो क्या है? वोच. लाओ ऊपर."

पाटील वर आले. जिवंत, धडधाकट, हातात ठासणीची बंदूक. पण गावाचं लक्ष बंदुकीकडे नव्हतंच मुळी. मेलेल्या हवेत उतरून माणूस जिवंत परत आला होता. बायकांनी पाटलांच्या कपाळाला भंडारा लावला, कुणी पायांपुढे नारळ फोडला. खंडोबानं राखलं, असंच जो तो म्हणत होता.

बंदुकीकडे एकटा वीरप्पा बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "माझी हाय ती."

२

तुळजापुरात वकील श्रीपतराव अणदूरकरांची एक ख्याती होती, ते बसत नसत. पक्षकार बसे, कारकून बसे, वकीलसाहेब मात्र ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत ऐकत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणत, "लग्नात सप्तपदीला उठले ते अजून खाली टेकले नाहीत."

वीरप्पाची बायको रुद्रम्मा त्यांच्या ओसरीवर बसून जे सांगत होती, ते ऐकताना त्यांच्या फेऱ्या आणखीच वाढल्या.

"कबूल झालाय?" श्रीपतराव म्हणाले. "मग माझ्याकडे कशाला आलात? गुन्ह्याचा इकबाल दिलेल्या माणसाला वकील काय, देवसुद्धा सोडवत नाही."

"त्येंनी बंदूक कधी हातात धरली न्हाई, वकीलसाब. डुक्कर पिकात शिरलं तर आमचं मालक डबा वाजवत्यात."

"मग कबूल का झाले?"

रुद्रम्माने पदर तोंडाशी नेला. दाराबाहेर कुणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाली, "बसप्पासाठी. माझ्या धाकट्या दिरासाठी."

बसप्पा उन्हाळ्यात घर सोडून सोलापूरला गेला होता. सरहद्दीपलीकडे तिकडची पोरं संस्थानी सरकारविरुद्ध काय करत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दिवाळीत तो एक रात्र घरी आला, भावाच्या पाया पडला आणि उजाडायच्या आत निघून गेला. त्यानंतर आठवड्याच्या आत पेवात बंदूक निघाली. वीरप्पाने जोड लावली ती एवढीच.

आता श्रीपतरावांना सगळं समजलं. बंदूक एकच, पण तिला रस्ते दोन होते. शेतकऱ्याने पिकाच्या राखणीला बिनपरवान्याची बंदूक ठेवली म्हटलं, तर खटला इथेच मुन्सिफसाहेबांपुढे चालायचा. कबूल झाला तर दंड, फार तर काही महिने कैद, आणि प्रकरण मिटलं. पण तीच बंदूक सरहद्दीपलीकडच्या पोराची आहे असं निघालं, की कागद वर जायचे. जिल्ह्याला, तिथून हैदराबादला. तिकडे गेलेला माणूस कधी परत येईल हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. वीरप्पाने भावाची मोठी सजा स्वतःच्या छोट्या सजेत बसवायचं ठरवलं होतं. हिशेब वाईट नव्हता. फक्त मुन्सिफसाहेब यंदा हत्याराच्या खटल्यात छोटी सजा देत नव्हते, हे बिचाऱ्याला माहीत नव्हतं. मागच्याच महिन्यात एका कबूल झालेल्या माणसाला त्यांनी तीन वर्षं दिली होती.

"पेशी कधी आहे?"

"सोमवारी. त्याच दिशी सजा सुनवणार म्हनत्यात."

श्रीपतराव थांबले. मग कोट अडकवून थेट हवालातीकडे निघाले.

३

वीरप्पा गजांच्या आड मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. गळ्यातल्या लिंगावर त्याची मूठ होती.

"बंदूक कुणाकडून घेतलीत?" श्रीपतरावांनी विचारलं.

"एका फिरस्त्याकडनं."

"दारू कुठं ठेवता? छर्रे?"

वीरप्पाने लिंगावरची मूठ आणखी आवळली.

"बंदूक ठासतात कशी, तेवढं तरी सांगा. मुन्सिफसाहेब विचारतील."

"वकीलसाब," वीरप्पा डोळे न उघडता म्हणाला, "तुम्हाला रुद्रम्मानं धाडलंय. तिला म्हणावं, घरी जा, म्हशीला पेंड घाल. माझं काय व्हायचं ते मला ठाऊक हाय."

"एक सांगा. पेव उघडल्यावर 'थांबा' म्हणून का ओरडलात? अमीनसाहेबांनी ते तुमच्याविरुद्ध लिहून घेतलंय. हवेचा बहाणा करून झडती लांबवली म्हणून."

तेव्हा मात्र वीरप्पाने डोळे उघडले. त्याला खरोखरच राग आला होता. "बहाना? माझ्या चुलत्याचा जीव गेलाय पेवात. म्या ल्हान व्हतो, डोळ्यांदेखत गेला. माणूस मरताना बघायचा का बंदुकीपायी?"

हा माणूस खोटं बोलत असेल तर तो फारच वरच्या दर्जाचा नट आहे, असं श्रीपतरावांना वाटलं. आणि बंदुकीबद्दल बोलताना तर तो अगदीच सुमार नट होता.

तिथून ते अदालतीच्या मालखान्यात गेले. वकील म्हणून मुद्देमाल पाहायचा त्यांना हक्क होता. बंदूक जुनी होती. दस्त्यावर फिक्या पट्ट्या उमटलेल्या, जणू तिथलं काहीतरी अलीकडेच काढून घेतलंय. घोड्याच्या खाचेत पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. श्रीपतरावांनी ते नखाने खरवडून नाकाशी नेलं. हळद. अणदूर म्हणजे खंडोबाचं गाव, तिथल्या माणसाला भंडाऱ्याचा वास ओळखायला वेळ लागत नाही. पण या भागात मल्लय्याचा, म्हणजे खंडोबाचाच, भंडारा लिंगायताच्या घरात असतो, मराठ्याच्या असतो, धनगराच्या तर असतोच असतो. त्यावरून कुणाला धरायचं?

पट्ट्या आणि हळद मनात ठेवून ते दुसऱ्या दिवशी हरणवाडीला निघाले.

४

खबर कुणी दिली हे शोधायला त्यांना कष्ट पडले नाहीत. वीरप्पाचा चुलतभाऊ धोंडप्पा स्वतःच दारात उभा राहून सांगत सुटला होता.

"व्हय, म्याच दिली. चोरी केली का काय? वाटणीच्या वक्ताला आमच्या आजीची पुतळ्यांची माळ गायब झाली. ती वीरप्पानंच दाबली असं मला पैल्यापासनं वाटतंय. आन् अणदूरच्या बाजाराच्या दुसऱ्या दिशी बघतो तर ह्याच्या पेवाच्या तोंडावर वली माती. चैतात लिंपलेली माती कार्तिकात वली कशी? म्हणलं, माळ हितंच हाय."

"म्हणजे पेव झडतीच्या आधी कुणीतरी उघडलं होतं."

"कुणीतरी म्हंजे? त्यानंच. पेव कुणाचं हाय?"

"तुमचं पेव कुठलं?"

"शेजारचंच. एकाच शेताची ज्वारी, यंदा पिकली बी कमी. निम्मी त्याला, निम्मी मला. एकाच दिशी दोन्ही पेवं भरली आन् एकाच दिशी लिंपली. माझं अजून उघडल्यालं न्हाई." मग धोंडप्पा आवाज उतरवून म्हणाला, "बंदूक निघंल असं मला काय ठावं? रुद्रम्मावैनी दारावरनं जाती, बघत बी न्हाई. माझी बायको बी बोलंना झालीया."

ओली माती हा पुरावा वीरप्पाच्या उलटच जात होता. पेव त्याचं, ते आधी उघडलेलं, बंदूक आत, आणि वर कबुली.

पाटलांच्या घरी त्यांचं स्वागत मोठं झालं. बलभीम पाटील आडव्या बांध्याचे, मोठ्या आवाजाचे. घर पांढरीला लागूनच, मागची भिंत ओलांडली की पेवं. कपाळावरचा भंडारा अजून ताजा होता, बहुधा रोज कुणी ना कुणी लावत असावं.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" श्रीपतरावांनी विचारलं.

"वाटली की. पर अमीनसाब म्हणत्यात उतरा, आन् गाव मागं सरतंय. मग पोलीस पाटील म्हणून मिरवायचं कशाला?" पाटलांनी चहाचा कप पुढे केला. "वीरप्पा माझा ल्हानपणचा सोबती हाय, वकीलसाब. त्येला सोडवा. दंडावर भागवा. काय लागंल ते म्या बघतो."

भिंतीवर खंडोबाची तसबीर होती. तिच्याखाली दोन रिकाम्या खुंट्या.

"इथं काय असायचं?"

पाटलांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मानाची बंदूक. चंपाषष्ठीला पालखी वेशीभाईर पडली की आमच्या घराण्यानं बार काढायचा. आजापासनं चालत आलंया. मागल्या साली नळीला चीर गेली. देवाची वस्तू मोडीत कशी घालायची, म्हणून बोरी नदीच्या डोहात सोडली. यंदा देव मुकाच जाईल."

श्रीपतराव चहा अर्धा टाकून उठले. म्हणजे उठले असं म्हणायचं, ते बसलेच नव्हते.

५

रविवार. घरभर फेऱ्या चालल्या होत्या. द्वारकाबाई निवडायला घेतलेले गहू तिसऱ्यांदा उचलून बाजूला सरकल्या.

"धोंडप्पाला माळ हवी होती," श्रीपतराव स्वतःशीच मोठ्याने बोलत होते. "बंदूक ठेवून त्याला काय मिळणार? आणि ठेवली असती तर ओली माती दिसली, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं नसतं. बसप्पाने ठेवली म्हणावं तर तो काळोखात आला, काळोखात गेला. एका रात्रीत पेव उघडून, उतरून, परत लिंपून जायचं? वीरप्पाने ठेवली म्हणावं तर तो 'थांबा' म्हणून ओरडला."

"ओरडला तो खोटंच असेल," द्वारकाबाई म्हणाल्या. "वेळ काढायला."

"खोटं नव्हतं. मी त्याचे डोळे पाहिले."

"बरं, खरं होतं. मग पाटील जिवंत कसा?"

"खंडोबाने राखलं," श्रीपतराव पटकन बोलून गेले.

द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "अहो, तुम्ही वकील आहात का वाघ्या?"

श्रीपतराव ओसरीच्या मधोमध थांबले. ते अणदूरचे, लहानपणापासून त्या देवाच्या पायरीवर वाढलेले. हरणवाडीच्या लोकांसारखाच त्यांनीही तो चमत्कार सरळ गिळून टाकला होता, त्यावर एकदाही प्रश्न विचारला नव्हता. सगळ्या गावाने ज्या गोष्टीला नारळ फोडला, तिच्याकडे संशयाने बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"पेव आधी उघडलं होतं, म्हणून हवा चांगली होती," ते हळू म्हणाले. "म्हणून तो जिवंत राहिला. हे तर धोंडप्पाच्या ओल्या मातीवरूनच कळायला हवं होतं."

"मग झालं की."

"नाही झालं. हवा चांगली आहे हे उतरण्याआधी कुणाला माहीत होतं, ते महत्त्वाचं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि हे मुन्सिफसाहेबांना मी सांगणार कसं? पाटील म्हणेल, देवाच्या भरवशावर उतरलो. त्याला खोटं पाडणारा साक्षीदार कुठून आणू?"

६

सोमवारी मुन्सिफसाहेबांनी गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला आणि विचारलं, "मुलजिम वीरप्पाला इकबाल मंजूर आहे ना? मग वकीलसाहेब, तुमचं काय काम?"

ते हैदराबादचे, पण मराठी चांगलं बोलत. त्यांना दम्याचा जुना आजार होता आणि त्यामुळे लांबलेल्या भाषणांचा तिटकारा.

"हुजूर, गुन्ह्याबद्दल मी काही बोलत नाही," श्रीपतराव म्हणाले. "सजेबद्दल बोलतो. हत्याराच्या खटल्यात सजा किती, हे हत्यार कुठं आणि कसं ठेवलं होतं यावर ठरतं. लगेच हाती लागेल असं ठेवलं, तर इरादा वाईट. पुरून ठेवलं, तर निव्वळ भीती. हुजूरांनी सजा लिहिण्याआधी ती जागा एकदा पाहावी, एवढाच अर्ज आहे."

वीरप्पा पिंजऱ्यातून म्हणाला, "नगं साहेब, सजा द्या."

मुन्सिफसाहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. सजेची एवढी घाई असलेला माणूस त्यांच्यापुढे फारसा आला नसावा. त्यांनी टांगा सांगितला.

दुपारी सगळी हरणवाडी पांढरीवर लोटली होती. अमीनसाहेब होते, पाटील होते, बेडी घातलेला वीरप्पा होता. श्रीपतराव धोंडप्पाकडे वळले.

"तुमचं पेव उघडायला परवानगी द्या."

"माझं? माझ्यात काय हाय?"

"तेच हुजूरांना दाखवायचंय."

धोंडप्पाने कुरकुर केली, एकदा रुद्रम्माकडे बघितलं आणि मान हलवली. माती फोडली, शिळा सरकवली. आंबूस वास आला तसा मुन्सिफसाहेबांनी मफलर नाकाला लावला. श्रीपतरावांनी पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. निम्म्यावर जाता जाता ज्योत आक्रसली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

"हे पेव आणि वीरप्पाचं पेव एकाच दिवशी भरलं, एकाच दिवशी लिंपलं," श्रीपतराव म्हणाले. "ज्वारी एकाच शेतातली. हुजूर, या हवेत कंदील जगत नाही. त्या दिवशी शेजारच्या पेवात पाटील जगले. असं का झालं असावं?"

"क्यों अमीनसाहब?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं. अमीनसाहेब कंदिलाकडे बघत राहिले. बहाणा म्हणून लिहिलेलं वाक्य त्यांना आठवलं असणार.

"खंडोबानं राखलं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि दहा जणांनी माना डोलावल्या.

"असेल तसंच," श्रीपतराव म्हणाले. "पाटील, आज हुजूरांसमोर या पेवात उतरून दाखवता? त्या दिवशी उतरलात तसंच."

पाटलांच्या कपाळावर भंडाऱ्याखालून घाम आला, पण आवाज हलला नाही. "देवानं एकदा राखलं, वकीलसाब. दुसऱ्यांदा त्याची परीक्षा बघू न्हाई."

गावाला ते उत्तर पटलं. मुन्सिफसाहेबही परतायला वळले. पाहणी संपली होती आणि हाती काही आलं नव्हतं. श्रीपतरावांनी वीरप्पाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आज संध्याकाळपर्यंत त्याची सजा लिहून झाली असती.

श्रीपतरावांनी कोट काढला, धोंडप्पाच्या अंगावर टाकला. चपला काढल्या. दोर कमरेला गुंडाळला आणि पेवाच्या काठावर हात टेकून पाय आत सोडले.

"मी अणदूरचा आहे," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा त्या देवाच्या जरा जवळचाच. मला तो राखेल का नाही ते बघू."

"वकीलसाब," रुद्रम्मा ओरडली. लोक पुढे सरकले. श्रीपतरावांनी हातांवर भार घेतला आणि अंग खाली सोडलं. छातीपर्यंत आत गेले तेव्हा नाकाशी तो आंबूस वास आला आणि त्यांचं डोकं गरगरलं. ते घाबरले. खरंच घाबरले. हा डाव आपल्या हातून सुटला, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दोन भक्कम हातांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं. ते हात बलभीम पाटलांचे होते.

"येडं झाला का तुम्ही? मराल. त्ये पेव म्या दिसभर उघडं टाकलं व्हतं, ह्ये न्हाई..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पाटलांना कळलं आपण काय बोललो ते. मुन्सिफसाहेब वळून उभे होते.

श्रीपतराव जमिनीवर पडल्या पडल्या, धापा टाकत म्हणाले, "हुजूर, गाव म्हणतं माणूस चमत्काराने वाचला. पण आतली हवा चांगली आहे हे उतरण्याआधी त्याला कसं ठाऊक होतं, हे कुणी विचारलं नाही. पेव चैत्रापासून बंद आहे असं सगळे समजत होते. वीरप्पा समजत होता, म्हणून तो ओरडला. ज्याने स्वतः पेव उघडून हवा खेळवली, तोच एकटा निर्धास्त होता. बंदुकीच्या घोड्याच्या खाचेत भंडारा आहे. ती ओळखू येऊ नये म्हणून दस्त्यावरून पट्ट्या काढलेल्या आहेत. पाटलांच्या भिंतीवर दोन रिकाम्या खुंट्या आहेत. ती बंदूक डोहात कधी गेलीच नाही."

बलभीम पाटलांनी पागोटं काढलं आणि मातीवर ठेवलं.

"जमा करा म्हणून हुकूम आला," ते म्हणाले. "ठाण्यात गेलेली वस्तू माघारी येत न्हाई, सायेब. चंपाषष्ठी तोंडावर आलेली. गाव अणदूरच्या बाजाराला गेलं त्या दिशी वीरप्पाचं पेव उघडलं, सांजच्याला बंदूक ठिवली आन् लिंपलं. झडतीच्या दिशी उतरलो त्ये ज्वारीत पुरून टाकाया. बॅटरी पडली नसती तर पुरली असती." त्यांनी वीरप्पाकडे पाहिलं नाही. "वीरप्पा कबूल झाला तवा माझी जीभच उचलंना. म्हणलं दंडावर सुटंल, दंड म्या भरीन. रोज म्हणायचो उद्या सांगतो."

वीरप्पा बेडीसकट खाली बसला. भावाचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं.

७

वीरप्पा सुटला आणि पाटील आत गेले. आत गेल्यावर त्यांनी पहिला निरोप धाडला तो श्रीपतरावांना, माझं वकीलपत्र तुम्हीच घ्या. द्वारकाबाई हसून हसून बेजार झाल्या. श्रीपतरावांनी वकीलपत्र घेतलं.

पेशीला अमीनसाहेबांनी मोठी सजा मागितली. मग साक्षीला वीरप्पा उभा राहिला, आणि ती बंदूक माणसावर कधी रोखलेली नाही, फक्त देवापुढे वाजलेली आहे, असं शपथेवर सांगून गेला. मुन्सिफसाहेबांनी मफलर सैल करून लेखणी उचलली.

"बंदूक जप्त," ते म्हणाले. "पाटीलकीबद्दल वर लिहितो, ती राहील असं समजू नका. आणि कैद. तुमच्यामुळे हा माणूस जितके दिवस हवालातीत बसला, तितकेच दिवस तुम्ही बसा. त्याच कोठडीत. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही."

त्या दिवसांतच चंपाषष्ठी आली. हरणवाडीची पालखी वेशीबाहेर पडली, आणि बार झाला नाही. संध्याकाळी वीरप्पा वांग्याचं भरीत आणि रोडगे फडक्यात बांधून तुळजापूरला आला आणि श्रीपतरावांना घेऊन हवालातीत गेला.

पाटलांनी रोडगा हातात घेतला, खाल्ला नाही.

"माझंच पेव का, पाटील?" वीरप्पाने विचारलं.

"तुझ्यावर कुणाचा शक जाणार न्हाई म्हणून. सरळ माणूस म्हणून साऱ्या तालुक्याला ठावं हाय तू."

वीरप्पा मान हलवत राहिला. "तुमचा राग न्हाई मला. अमीनाचा बी न्हाई, त्यो परका माणूस. बंदूक वर आली आन् मला बसप्पाचं त्वांड दिसलं. कुणी दावलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. मांडीवर वाढवलेलं पोर. एकदा बी मनात आलं न्हाई का त्याची नसंल."

पाटलांनी रोडगा परत फडक्यावर ठेवला.

"बसप्पाला निरोप गेलाय. त्यो येतूया," वीरप्पा म्हणाला. "लई खुशीत हाय म्हणं, अण्णा माझ्यासाठी तुरुंगात जाया निघाला व्हता म्हणून. आता येऊन इचारंल, अण्णा, कशावरनं वाटलं ती माझी? काय सांगू त्याला, वकीलसाब?"

श्रीपतरावांनी गजांजवळची पायरी हाताने झटकली आणि वीरप्पाच्या शेजारी खाली बसले.